सोमवार सोडून : कोरियाच्या सरहद्दीवरचा एक दिवस

दक्षिण कोरियाची राजधानी सोल आणि उत्तर कोरियाची सरहद्द यांत बसने जेमतेम तासाभराचे अंतर आहे. सोलला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी राजवाडे, बाजार आणि हान नदीकाठ पाहून झाल्यावर एक दिवस या सरहद्दीसाठी ठेवतात. तिथे गाडी भाड्याने घेऊन, मनाला येईल त्या वेळी जाता येत नाही. कोणत्या दिवशी, कोणत्या फाटकातून, कोणाबरोबर आणि किती वाजेपर्यंत, हे सगळे दुसरेच कोणीतरी ठरवते. त्यामुळे आखणी करताना ‘काय पाहायचे’ यापेक्षा ‘आत कोण सोडते आणि का’ हे आधी समजून घेतलेले बरे. मला तर ही सहल म्हणजे त्या नियमांचीच सहल वाटते. तिथला प्रत्येक नियम सत्तर वर्षांपूर्वीच्या एका अपुऱ्या कागदातून आलेला आहे.

तो कागद २७ जुलै १९५३ चा. तीन वर्षे चाललेले कोरियन युद्ध त्या दिवशी थांबले, संपले मात्र नाही. सही झाली ती शस्त्रसंधीवर. शांतता करार आजतागायत झालेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याचे सेनापती मार्क क्लार्क, उत्तरेचे किम इल सुंग आणि चिनी स्वयंसेवक सेनेचे पंग दहुआई यांच्या त्यावर सह्या आहेत. दक्षिण कोरियाची सही नाही, कारण राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांना देश तोडणारी तडजोड मान्य नव्हती. लढाई जिथे थांबली तिथे एक रेषा आखली गेली आणि दोन्ही सैन्यांनी तिच्यापासून दोन-दोन किलोमीटर मागे सरायचे ठरले. द्वीपकल्पाच्या या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत गेलेला सुमारे २५० किलोमीटर लांबीचा आणि चार किलोमीटर रुंदीचा हा पट्टा म्हणजे डीएमझेड, अर्थात निर्लष्करी क्षेत्र. नावात ‘निर्लष्करी’ असले तरी त्याच्या दोन्ही काठांवर जगातले सर्वांत दाट सैन्य उभे आहे आणि आत लाखो भूसुरुंग पुरलेले आहेत. मधल्या रेषेवर भिंत किंवा कुंपण नाही. तिथे आहेत फक्त १,२९२ पिवळ्या पाट्या. दक्षिणेकडून दिसणाऱ्या बाजूला कोरियन आणि इंग्रजी, उत्तरेकडून दिसणाऱ्या बाजूला कोरियन आणि चिनी. बऱ्याच पाट्या आता गंजून गेल्या आहेत.

प्रवाशाने लक्षात ठेवायची खरी गोष्ट पुढे आहे. पट्ट्याच्या दक्षिण अर्ध्या भागावर अधिकार चालतो तो संयुक्त राष्ट्र कमांडचा, म्हणजे शस्त्रसंधीवर सही करणाऱ्याचा. त्याच्याही खाली काही किलोमीटर रुंदीचा आणखी एक पट्टा दक्षिण कोरियाच्या सैन्याच्या ताब्यात आहे. तिथे नागरिकांच्या येण्या-जाण्यावर नियंत्रण असते. जाहिरातीत ‘डीएमझेड टूर’ म्हणून जे विकले जाते त्यातली बहुतेक ठिकाणे या दुसऱ्या पट्ट्यात किंवा त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रत्यक्ष निर्लष्करी क्षेत्रात सामान्य प्रवासी जमिनीवरून जवळजवळ जातच नाही. जातो तो जमिनीखालून. ते पुढे येईलच.

आता तयारीचे. सोमवारी ही ठिकाणे बंद असतात, राष्ट्रीय सुट्ट्यांनाही बंद असतात, आणि लष्करी सराव किंवा तणाव असेल तर एरवीच्या चालू दिवशीही ऐनवेळी बंद होतात. म्हणून सोलमधल्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी ही सहल कधीही ठेवू नये. मंगळवार किंवा बुधवार धरावा, म्हणजे रद्द झालीच तर पुढचा दिवस हाताशी राहतो. शनिवार-रविवारी गर्दी होते आणि दिवसाला ठरावीक लोकांनाच आत सोडतात. सोलहून निघणाऱ्या कंपन्यांच्या बस पहाटेच्या अंधारात का निघतात, हे कोडे इथे सुटते. सीमेजवळच्या इमजिनगाक या ठिकाणी त्या-त्या दिवसाची तिकिटे मिळतात आणि जो आधी पोहोचतो त्याला आधीची फेरी मिळते. गाइड खिडकीपाशी रांगेत असतात तेव्हा प्रवासी नाश्ता करत असतात.

गाइडशिवायही जाता येते. सोलच्या मेट्रोने मुनसानपर्यंत, तिथून गाडी बदलून किंवा बस-टॅक्सीने इमजिनगाकला जायचे, पासपोर्ट दाखवून तिकीट काढायचे आणि तिथल्याच ठरलेल्या बसमध्ये बसायचे. यात पैसे वाचतात, पण तिकीट संपले तर आख्खी सकाळ वाया जाते आणि आत इंग्रजीत समजावून सांगणारे कोणी मिळेलच असे नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने गाइडबरोबरच जावे असे माझे स्पष्ट मत आहे. या जागेत डोळ्यांना दिसणारे थोडे आणि सांगण्यासारखे पुष्कळ आहे. ज्याला कोणी सांगितले नाही त्याला एक टेकडी, एक बोगदा आणि बरीच तारेची कुंपणे दिसतात, बस्स. बुकिंग करण्यापूर्वी कंपनीला दोन प्रश्न जरूर विचारावेत : बोगदा आणि उत्तरेकडे दुर्बिणीतून पाहण्यासाठीची दोरा वेधशाळा दोन्ही आहेत का, आणि परतताना जिनसेंग किंवा दागिन्यांच्या दुकानात सक्तीचा थांबा आहे का.

पासपोर्ट मूळच लागतो. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही. कडेवरच्या बाळाचाही पासपोर्ट हवा. इम्जिन नदीवरच्या तोंगिल पुलावर, म्हणजे ‘एकीकरणाच्या पुलावर’, बस थांबते, एक तरुण सैनिक वर चढतो आणि प्रत्येकाचा चेहरा पासपोर्टशी ताडून पाहतो. तो बहुधा विशीतला मुलगा असतो, सक्तीची लष्करी सेवा करणारा. त्याचा फोटो काढू नये. नियम आहे म्हणून तर खरेच, पण त्याच्या कामाचा मान म्हणूनही.

या पुलाची एक गोष्ट गाइडने सांगितली नाही तर मुद्दाम विचारावी. ह्युंदाई उद्योगसमूहाचे संस्थापक चुंग जू-योंग यांचा जन्म आजच्या उत्तर कोरियातल्या एका शेतकरी घरात झाला. वडिलांनी गाय विकून आणलेले पैसे घेऊन ते तरुणपणी घरातून पळाले होते. जून १९९८ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, ते ट्रकांमध्ये ५०० गुरे घालून नव्याने उघडलेल्या याच पुलावरून उत्तरेकडे गेले आणि ऑक्टोबरमध्ये आणखी ५०१ गुरे घेऊन गेले. हजार गुरे म्हणजे त्या एका गायीची फेड आणि व्याज, असे त्यांनी मानले. वरची एक गाय का, याचे स्पष्टीकरण वेगवेगळे देतात. सरहद्दीवरच्या सगळ्या राजकारणात मला हीच गोष्ट सर्वांत समजण्यासारखी वाटते.

इमजिनगाक १९७२ मध्ये बांधले गेले ते उत्तरेतून आलेल्या आणि घरी परतू न शकलेल्या लोकांसाठी. सहलीच्या वेळापत्रकात त्याला अर्धा तास मिळतो. गाइडशी बोलून जास्त मागावा. तिथे ‘स्वातंत्र्य पूल’ आहे. १९५३ मध्ये १२,७७३ युद्धकैदी या पुलावरून चालत दक्षिणेत परतले. आज त्याचे टोक बंद आहे आणि कुंपणावर हजारो रंगीत फिती बांधलेल्या आहेत. जवळच गोळ्यांनी चाळणी झालेले एक वाफेचे इंजिन ठेवले आहे. त्यावर हजाराहून अधिक भोके आहेत. ते कित्येक वर्षे निर्लष्करी क्षेत्रातच गंजत पडले होते. आणि तिथे मांगबेदान नावाची एक वेदी आहे. चांद्र नववर्षाला आणि छुसोकच्या सणाला ज्यांना आईवडिलांच्या गावी जाऊन पूर्वजांचे विधी करता येत नाहीत ते इथे येतात, उत्तरेकडे तोंड करून फळे-पक्वान्ने मांडतात आणि वाकून नमस्कार करतात. आपल्याकडे पितृपक्षात घरातले सगळे गेलेल्यांसाठी पान वाढतात, तसेच ते आहे. फरक इतकाच की गाव समोर नदीपलीकडे आहे आणि तिथे जाता येत नाही. १९८८ पासून दक्षिणेत ताटातूट झालेल्या सुमारे १ लाख ३४ हजार लोकांनी नातेवाइकांच्या भेटीसाठी नावे नोंदवली. त्यांतले बहुतेक आता हयात नाहीत. शेवटची प्रत्यक्ष भेट ऑगस्ट २०१८ मध्ये झाली, त्यानंतर एकही नाही. इमजिनगाकला शेजारीच पाळणे आणि खाऊची दुकाने आहेत म्हणून काही प्रवासी नाक मुरडतात. मला ते खटकत नाही. लोक आजोबांना घेऊन येतात, त्यांच्याबरोबर नातवंडेही येतात.

नंतर तिसरा बोगदा. उत्तरेने रेषेखालून खणलेले चार बोगदे दक्षिणेला सापडले : १९७४, १९७५, १९७८ आणि १९९० मध्ये. तिसरा सोलला सर्वांत जवळचा. उत्तरेतून पळून आलेल्या एकाने त्याची माहिती दिली. मग जमिनीत नळ्या सोडून आवाज ऐकत वर्षानुवर्षे शोध चालला आणि ऑक्टोबर १९७८ मध्ये तो हाती लागला. लांबी १,६३५ मीटर, जमिनीपासून खोली सुमारे ७३ मीटर, उंची-रुंदी जेमतेम दोन-दोन मीटर. तासाला ३० हजार सैनिक यातून आत येऊ शकले असते असा दक्षिणेचा अंदाज. बोगदा उत्तरेने खणला कशावरून? सुरुंगाची भोके सगळी दक्षिणेच्या दिशेने आहेत, हा दक्षिणेचा पुरावा. ती भोके आता पिवळ्या रंगाने दाखवली आहेत. उत्तरेने आधी ‘हे दक्षिणेचेच काम’ म्हटले, मग ‘ही जुनी कोळशाची खाण’ म्हटले. भिंतींवर कोळशाची पूड फासलेली दिसते, पण भोवतालचा दगड आहे ग्रॅनाइट, आणि ग्रॅनाइटमध्ये कोळसा सापडत नाही. शाळेत भूगोल शिकलेल्या कोणालाही हे पटते.

बोगद्यात जाण्यासाठी आधी दक्षिणेने खणलेल्या तिरक्या भुयारातून बरेच खाली उतरावे लागते. उतरणे सोपे, चढून येणे दमवणारे. हृदयाचा, श्वासाचा किंवा गुडघ्यांचा त्रास असेल, बंद जागेत घाबरायला होत असेल, तर वर थांबण्यात काही कमीपणा नाही. शिरस्त्राण देतात ते घालावेच. उंच माणसाचे डोके छताला हमखास लागते. मोबाइल आणि कॅमेरा बाहेरच्या कपाटात ठेवावे लागतात. शेवटी काँक्रीटची आडवी भिंत येते. दक्षिणेने अशा तीन भिंती घातल्या आहेत आणि प्रवासी तिसरीपर्यंत जातो. तिथून वरची रेषा सुमारे १७० मीटरवर आहे, म्हणजे त्या क्षणी तुम्ही निर्लष्करी क्षेत्राच्या पोटात असता. तिथे फार वेळ उभे राहू देत नाहीत.

दोरा वेधशाळेचा दिवस हवेवर अवलंबून असतो. जुलै-ऑगस्टच्या पावसात समोर फक्त पांढरे दिसते. ऑक्टोबर चांगला, आणि थंडी सोसत असेल तर जानेवारीतली कोरडी सकाळ उत्तम, मात्र शून्याखालच्या तापमानाचे कपडे हवेत. हवा स्वच्छ असली की दुर्बिणीतून रेषेच्या दोन्ही बाजूंची दोन गावे आणि त्यांचे झेंडे दिसतात. दक्षिणेच्या तेसाँगदोंग गावातला झेंड्याचा खांब सुमारे १०० मीटर उंच झाल्यावर उत्तरेने किजाँगदोंगमध्ये १६० मीटरचा उभारला. त्यामागे केसाँग औद्योगिक वसाहतीच्या इमारती आहेत. तिथे दक्षिणेच्या कारखान्यांत उत्तरेचे कामगार काम करत. २०१६ मध्ये ती बंद पडली. तिथले दोन्ही देशांचे संपर्क कार्यालय उत्तरेने जून २०२० मध्ये स्फोटाने उडवले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये दक्षिणेकडे येणाऱ्या रस्त्यांचे आपल्या बाजूचे तुकडेही उडवले. दुर्बीण हातात आली की लोक ‘माणूस दिसतो का’ असे शोधत राहतात. ते स्वाभाविक आहे, पण त्या शेतात वाकलेला माणूस प्राणिसंग्रहालयातला नाही, हे मुलांना आधी सांगावे.

दोरासान हे रेल्वे स्थानक काही सहलींत असते, काहींत नसते. असेल तर सोडू नका. २००२ पासून ते तयार आहे, चकचकीत आहे, आणि त्याच्या पाटीवर सोल ५६ किलोमीटर, प्याँगयाँग २०५ किलोमीटर असे लिहिले आहे. डिसेंबर २००७ ते नोव्हेंबर २००८ या काळात इथून खरोखर मालगाड्या उत्तरेत गेल्या. तेवढ्याच.

वाटेत तोंगिलचोन हे गाव लागते. १९७३ मध्ये वसवलेले हे गाव नियंत्रित पट्ट्याच्या आत आहे. तिथले सोयाबीन आणि तांदूळ नावाजलेले आहेत. घरी न्यायला काही घ्यायचे तर सरहद्दीच्या तारेच्या तुकड्यापेक्षा इथली सोयाबीनची चटणी घ्यावी. पैसे गावकऱ्याला मिळतात.

उरते ते पानमुनजोम, जिथे निळ्या खोल्या आहेत आणि खोलीच्या मधोमध सीमा जाते. सगळ्यांना तेच पाहायचे असते. एके काळी या संयुक्त सुरक्षा क्षेत्रात दोन्ही बाजूंचे सैनिक मोकळेपणाने एकमेकांच्या भागात फिरत. १८ ऑगस्ट १९७६ रोजी एका झाडाच्या फांद्या छाटण्यावरून उत्तरेच्या सैनिकांनी कुऱ्हाडींनी दोन अमेरिकी अधिकाऱ्यांना ठार केले आणि त्यानंतर आतही रेषा आखली गेली. पर्यटकांना हातवारे करू नका, बोट दाखवू नका, फाटकी जीन्स किंवा चपला घालून येऊ नका, असे बजावत. शिवाय शत्रूच्या कारवाईत जखम किंवा मृत्यू ओढवू शकतो हे मान्य असल्याची सही घेत. १८ जुलै २०२३ रोजी अशाच एका सहलीतून एक अमेरिकी सैनिक धावत उत्तरेत गेला आणि सहली थांबल्या. तेव्हापासून ही भेट सामान्य प्रवाशाला मिळेल असे धरून तिकिटे काढू नयेत. कोणी ‘नक्की नेतो’ म्हणून आगाऊ पैसे मागत असेल तर संयुक्त राष्ट्र कमांडची परवानगी कोणत्या तारखेची आहे ते विचारावे.

मराठी माणसाने मात्र पानमुनजोमचे नाव वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवावे. १९५३ मध्ये इथल्या वाटाघाटींत शस्त्रसंधी अडून राहिली होती ती मुख्यतः कैद्यांच्या प्रश्नावर. २२ हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियाई कैदी ‘आम्हाला परत जायचे नाही’ म्हणत होते. दुसऱ्या बाजूलाही असे काहीशे होते. त्यांचे मन विचारायचे आणि तोवर सांभाळायचे, हे काम पाच तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे आले. अध्यक्ष होते जनरल के. एस. थिमय्या. पहाऱ्याची जबाबदारी भारतीय सैन्याची, आणि त्या ‘कस्टोडियन फोर्स’चे प्रमुख होते कोल्हापूरचे मेजर जनरल शंकरराव थोरात. सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना दक्षिण कोरियाच्या भूमीवर पाऊल ठेवू द्यायचे नाही असे ठरवले. म्हणून इंचॉनच्या समुद्रातून हजारो जवानांना अमेरिकी हेलिकॉप्टरांनी उचलून थेट निर्लष्करी क्षेत्रात उतरवण्यात आले. तिथल्या तंबूंच्या वसाहतीला त्यांनी नाव दिले ‘हिंद नगर’. कैद्यांच्या छावण्यांत दोन्ही बाजूंचे कट्टर गट होते, दंगली होत. सप्टेंबर १९५३ मध्ये कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरले तेव्हा थोरात स्वतः त्या छावणीत गेले आणि त्याला सोडवून आणले. या कामगिरीसाठी त्यांना अशोकचक्र, वर्ग २, मिळाले. गोळीबाराचा हुकूम देणे सोपे असताना आत जाऊन बोलणे त्यांनी पसंत केले, आणि पुढचे सगळे अवघड महिने भारतीय तुकडीला याच वृत्तीने निभावता आले, असे मला वाटते. फेब्रुवारी १९५४ मध्ये फौज परतली तेव्हा दोन्हीकडे जायला नकार देणारे ८८ कैदी तिच्याबरोबर भारतात आले. त्यांतले बरेच पुढे दक्षिण अमेरिकेत गेले.

मेट्रो जिथे संपते ते मुनसानही आपल्या ओळखीचे असायला हवे. मार्च १९५१ मध्ये अमेरिकी छत्रीधारी सैनिकांनी तिथे उडी घेतली तेव्हा भारताच्या ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्सचे डॉक्टर आणि जवानही त्यांच्याबरोबर उतरले होते. त्यांच्या तुकडीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज. सहलीतले गाइड हे सहसा सांगत नाहीत, कारण त्यांना कोणी विचारत नाही. आपण विचारावे, आणि त्यांना माहीत नसेल तर बसमध्ये आपणच सांगावे. मुलांना ‘आपण इथे कशाला आलो’ याचे उत्तर मिळते ते इथे.

ज्यांनी अटारी-वाघाचा संध्याकाळचा सोहळा पाहिला आहे त्यांनी तसले काही मनात धरून जाऊ नये. तिथे गर्दी, घोषणा आणि दोन्हीकडून ठरवून केलेले संचलन असते. कोरियात प्रेक्षकांसाठी काही नाही. कधी काळी ध्वनिक्षेपकांचा गोंगाट असे, जून २०२४ मध्ये तो पुन्हा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये दक्षिणेने बंद केला. आवाज येतो की नाही यावरूनही त्या महिन्यातले हवामान कळते, राजकारणाचे.

इतके करून तिकीट मिळाले नाही किंवा फाटक बंद निघाले, तर सोलला परतण्याआधी आणखी दोन जागा आहेत. हान आणि इम्जिन नद्यांच्या संगमावरची ओदूसान वेधशाळा १९९२ पासून आहे. ती नियंत्रित पट्ट्याबाहेर असल्याने तिथे त्या दिवसाच्या कोट्याची भानगड नाही. दुसरी जागा गिम्पोतले एगीबोंग. तिथून नदीपलीकडचा उत्तरेचा काठ सुमारे दीड किलोमीटरवर आहे आणि नोव्हेंबर २०२४ पासून तिथे स्टारबक्सही आहे. तिथे शिरताना ओळखपत्र तपासतात, म्हणून पासपोर्ट खिशातच ठेवावा. दोन्ही ठिकाणी हवा स्वच्छ असेल तरच गेलेले बरे, कारण धुरकट हवेत पलीकडची शेते दिसेनाशी होतात.